कुलूप भांडणाने लागत नाही

1 ऑक्टोबर 2025 ला अमेरिकेचं संघीय सरकार बंद पडलं ते 12 नोव्हेंबरपर्यंत. 43 दिवसांचा तो बंद तोवरचा सर्वांत लांबलेला. आरोग्यविम्याच्या सवलती चालू ठेवायच्या की नाहीत यावर दोन पक्ष अडून बसले, खर्चाचं विधेयक अडकलं आणि लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. आपल्याकडे या बातमीवर जे बोललं गेलं ते बारामतीच्या कट्ट्यावर ऐका किंवा पुण्या-मुंबईच्या संपादकीयात वाचा, सार एकच होतं. पहिलं विधान : पक्ष एकमेकांशी भांडत बसले की राज्यकारभार ठप्प होतो. दुसरं : आपल्या घटनेने ही वेळ येऊ दिलेली नाही, आपल्याकडे सरकार पडतं पण बंद पडत नाही. तिसरं विधान या दोहोंतून आपोआप निघतं आणि बारामती-इंदापूरच्या राजकारणाचा तर तोच पाया आहे : भांडणात वेळ घालवण्यापेक्षा सत्तेच्या बाजूला राहावं, म्हणजे निधी येतो आणि कामं होतात.

हा पूर्वपक्ष टाकाऊ नाही. त्यामागे अनुभव आहे आणि तो मांडणारी माणसं भाबडी नाहीत. तरीही तो चूक आहे असं माझं म्हणणं आहे. कार्यकारणभाव तपासायला आपल्या शास्त्रकारांनी अन्वय-व्यतिरेकाची कसोटी दिली आहे. कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे आणि कारण नसेल तिथे ते दिसता कामा नये. भांडण हे बंदचं कारण असेल, तर भांडण आहे तिथे कुलूप दिसायला हवं आणि एकोपा आहे तिथे दार उघडं असायला हवं. प्रत्यक्षात काय दिसतं?

अन्वय अमेरिकेतच तुटतो. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या काँग्रेसमध्ये खर्चाची विधेयकं वारंवार रखडली, मंजुरीत खंड पडले, वाद विकोपाला गेले. कार्यालयं मात्र चालू राहिली. पैसे आज ना उद्या मंजूर होतील असं धरून खाती काम करत होती. मग 1980 मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातल्या एका जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला : मंजुरी नसेल तर जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणापलीकडचं काम करणं बेकायदा. कुलपं लागू लागली ती त्यानंतर. पक्ष आधीही भांडत होते आणि नंतरही भांडत राहिले, मध्ये बदलला तो नियम. शिवाय तिथे दोन्ही सभागृहं आणि अध्यक्ष यांच्यात मेळ बसल्याशिवाय पैसा सुटत नाही आणि मेळ बसला नाही तर जनतेकडे जाण्याची वाटही नाही, कारण निवडणुकीच्या तारखा ठरलेल्या. म्हणजे कोंडी या रचनेत आहे, तंट्याने ती फक्त उघडी पडते.

आपल्या घटनेने ही कोंडी वेगळ्या रीतीने सोडवली. अनुच्छेद 266 सांगतो की कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज संचित निधीतून पैसा काढता येणार नाही. इथवर आपण आणि अमेरिका सारखेच. पण धनविधेयकावर शेवटचा शब्द विधानसभेचा, विधानपरिषद ते फार तर 14 दिवस रोखू शकते. अर्थसंकल्पाला वेळ लागणार असेल तर अनुच्छेद 206 खाली लेखानुदान घेता येतं. 2024 च्या फेब्रुवारीत तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि पूर्ण अर्थसंकल्प जूनच्या अखेरीस आणला, तो याच सोयीने. आणि सभागृहाने पैसाच नाकारला, तर सरकारला जावं लागतं. त्यामुळे 1 एप्रिलला मंत्रालयाला कुलूप लागत नाही, हे दुसऱ्या विधानातलं सत्य मान्य.

पण त्यावरून आपण या रोगापासून मुक्त आहोत असं ठरत नाही. मार्च 2016 मध्ये उत्तराखंडात विनियोजन विधेयकावरच सत्ताधारी काँग्रेसचे नऊ आमदार फुटले. विधेयक मंजूर झालं की नाही यावरच वाद, पुढे राष्ट्रपती राजवट आणि तोंडावर 1 एप्रिल. शेवटी राज्याच्या खर्चासाठी लेखानुदानाचा अध्यादेश राष्ट्रपतींच्या सहीने काढावा लागला. कर्मचाऱ्यांचे पगार वाचले, पण सभागृहाने करायचं काम सभागृहाशिवाय उरकलं गेलं. आपल्या बंदची खूण हीच आहे. आपल्याकडे कार्यालय चालू राहतं आणि सभागृह बंद पडतं. दिवे लागलेले असतात, शिपाई दारात असतो, फायली फिरत असतात. त्यामुळे बंद पडलेलं कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता बारामती आणि इंदापूरकडे येऊ, कारण व्यतिरेकाची परीक्षा इथे होते. पुणे जिल्हा परिषदेची आणि तिच्यासोबत पंचायत समित्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. बारामती आणि इंदापूर नगर परिषदांची निवडणूक डिसेंबर 2016 मध्ये झाली होती, त्यांचीही पाच वर्षं उलटून गेली होती. या सगळ्याच संस्थांवर प्रशासक आला. घटनेच्या अनुच्छेद 243-ई आणि 243-यू मध्ये पाच वर्षांची मुदत आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी अशी आज्ञा आहे. प्रत्यक्षात नगर परिषदांसाठी मतदान झालं ते डिसेंबर 2025 मध्ये. त्यातही बारामतीचं मतदान न्यायालयात गेलेल्या हरकतींमुळे 2 तारखेचं 20 तारखेवर गेलं. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांसाठी तर 2026 उजाडावं लागलं. अमेरिकेतला बंद 43 दिवसांचा होता, आपला जवळपास चार वर्षांचा झाला. त्यावर जगात बातमी झाली नाही, आणि खरं तर तालुक्यातही झाली नाही.

हे कशामुळे घडलं? ओबीसी आरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये घातलेल्या तिहेरी अटींमुळे, हे सरळ उत्तर आहे आणि ते बरोबरही आहे. ओबीसींना प्रतिनिधित्व मिळावं ही मागणी न्याय्य होती. प्रश्न ती पूर्ण करण्याच्या रीतीचा आहे. प्रभाग आणि गट पाडण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारी विधेयकं 7 मार्च 2022 रोजी विधिमंडळात आली. तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं होतं, विरोधात भाजप होता आणि दोघे एरवी एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. ही विधेयकं मात्र दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाली. जुलैमध्ये ओबीसी आरक्षणावरचा बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला, म्हणजे अडथळा दूर झाला होता. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने सदस्यसंख्या पुन्हा बदलली, प्रकरण परत न्यायालयात गेलं आणि ‘जैसे थे’चा आदेश आला. तो मे 2025 पर्यंत पुरला. मार्च 2022 पासूनच्या या अवधीत तीन मुख्यमंत्री झाले, दोन पक्ष फुटले, कालचे विरोधक आजचे मंत्री झाले. एका गोष्टीवर मात्र कुणी रस्त्यावर उतरलं नाही : आमच्या तालुक्याची पंचायत समिती उघडा. आमदारांना आणि पालकमंत्र्यांना सदस्यांशिवायचा तालुका सोयीचा होता, मग तो आमदार कुठल्याही पक्षाचा असो. म्हणजे जिथे भांडण व्हायला हवं होतं तिथे एकमत झालं आणि कुलूप लागलं. व्यतिरेकही तुटला.

पंचायत समितीची सभा बंद पडली म्हणजे नेमकं काय बंद पडलं, हे जवळून पाहायला हवं. महिन्याच्या सभेत गणातून निवडून आलेला सदस्य उभा राहतो आणि पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्याला विचारतो, की आमच्या वस्तीवरची टाकी बांधून झाली, मग तिला जोडणारी जलवाहिनी का नाही? अधिकारी ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणतो. सभापती ते इतिवृत्तात लिहायला लावतात. पुढच्या सभेत अनुपालन अहवाल येतो, नाही आला तर विरोधी सदस्य तोच मुद्दा पुन्हा उकरतो. यात वक्तृत्व नसतं, खडाजंगी असते आणि बऱ्याचदा खुन्नसही असते. पण त्या खुन्नशीमुळेच प्रश्न कागदावर येतो आणि कागदावर आलेला प्रश्न सहजी मरत नाही. गटविकास अधिकारी स्वतःच प्रशासक झाला, की विचारणारा आणि उत्तर देणारा एकच उरतो. जिल्हा परिषदेत 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही मार्चमध्ये अर्थसंकल्प असाच झाला. मांडणाराही प्रशासन, मंजूर करणाराही प्रशासन. 75 सदस्यांच्या सभागृहात सेसच्या रकमेवरून जो आरडाओरडा व्हायचा, तो झाला नाही. आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाला लोकनियुक्त सभागृहाची अट असल्याने या शांततेची किंमत पैशातही मोजावी लागली.

गोष्ट इथेच थांबत नाही. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा वाटते ती जिल्हा नियोजन समिती. घटनेच्या अनुच्छेद 243-झेडडी प्रमाणे तिचे किमान चार-पंचमांश सदस्य हे जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. सदस्यच नाहीत म्हटल्यावर ते चार-पंचमांशही गेले. उरले पालकमंत्री, नामनिर्देशित आणि निमंत्रित. 20 जुलै 2024 रोजी पुण्यात झालेल्या बैठकीत हे उघड्यावर आलं. पालकमंत्री अजित पवार, समोर शरद पवार आणि सुप्रिया सुळे. बारामती परिसरातल्या पाण्याच्या प्रदूषणाचा विषय निघाला, आणि निमंत्रित असलेल्या खासदारांना या बैठकीत अधिकार किती, हाच वाद पुढे आला. वर्तमानपत्रांनी तो काका-पुतण्याचा सामना म्हणून छापला. खरी बातमी वेगळी होती. ज्या सदस्यांना मताचा पूर्ण अधिकार होता त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि म्हणूनच राज्यातल्या सर्वांत अनुभवी खासदाराचा आवाजही नियमाच्या कोपऱ्यात अडकत होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ‘प्रशासक बरा, टक्केवारी तरी मागत नाही. सदस्य आले की ठेकेदार येतात, गटातटाचं राजकारण येतं.’ पुणे जिल्हा परिषदेत प्रशासकांच्या काळात काही चांगली कामं झाली, हेही खरं. पण चांगला अधिकारी बदलीवर जातो, तेव्हा त्याच्यासोबत त्याचा चांगुलपणाही जातो. मतदाराला त्याला परत आणता येत नाही आणि वाईट अधिकाऱ्याला घालवताही येत नाही. शिवाय टक्केवारीचा आरोप आपल्याला कळतो तो कसा? बहुतेकदा विरोधी सदस्य सभेत बोंब मारतो म्हणून. सभाच नसेल तर बोंब नाही आणि बोंब नाही म्हणून सगळं स्वच्छ, हा निष्कर्ष दिवा विझवून घर नीटनेटकं आहे म्हणण्यासारखा आहे.

आता तिसऱ्या विधानाकडे. 17 एप्रिल 2024 रोजी इंदापुरात अजित पवारांनी ते त्यांच्या रोखठोक शैलीत मांडलं होतं : निधी देतो, पण यंत्राचं बटणही कचाकचा दाबा, नाहीतर हात आखडता घ्यावा लागेल. तक्रार झाली, आचारसंहितेचा भंग नाही असा निर्वाळाही मिळाला. कायद्याचा मुद्दा तिथे संपला. विचाराचा मुद्दा शिल्लक आहे, कारण हे वाक्य एका नेत्याचं नव्हतं, समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या मनातलंच होतं. सत्तेच्या बाजूला राहिलं की पैसा येतो, हे अर्धसत्य आहे. जुलै 2022 मध्ये सरकार बदललं आणि नगरविकास खात्याने आधीच्या सरकारने मंजूर केलेली 941 कोटींची कामं रोखली. त्यातली 245 कोटींची एकट्या बारामती नगर परिषदेची असल्याचं तेव्हा छापून आलं. वर्षभराने अजित पवार त्याच सरकारात उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री झाले. जे सत्तेच्या जवळिकीने मिळालं ते जवळीक संपताच एका आदेशाने गेलं. त्या आदेशावर सभागृहात मतदान झालं नाही.

इंदापूरचा दाखला तर आणखी बोलका आहे. हर्षवर्धन पाटील 1995 मध्ये अपक्ष निवडून आले आणि युती सरकारात मंत्री झाले. पुढे आघाडीच्या राजवटीतही ते मंत्रीच होते, संसदीय कार्य खातंही त्यांनी सांभाळलं. 2014 मध्ये त्यांना हरवणारे दत्तात्रय भरणे 2019 नंतर राज्यमंत्री आणि पुढे कॅबिनेट मंत्री झाले. म्हणजे गेल्या तीस वर्षांतला बराच काळ इंदापूर सत्तेच्या बाजूलाच उभं आहे. सत्तेच्या बाजूला राहण्याने सगळं मिळत असतं, तर कालव्याच्या शेपटाकडच्या 22 गावांच्या पाण्याचा प्रश्न अजूनही दर निवडणुकीत नवा होऊन व्यासपीठावर आला नसता.

पाण्याचंच उदाहरण पुढे नेऊ. नीरा-देवघरच्या पाण्यातला 60 टक्के वाटा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरला आणि 40 टक्के उजव्या कालव्याने फलटण, माळशिरस, सांगोल्याला जात होता. त्या वाटपाची मुदत 2017 मध्ये संपली. जून 2019 मध्ये फडणवीस सरकारने डाव्या कालव्याकडे जाणारं पाणी थांबवलं. फेब्रुवारी 2020 मध्ये महाविकास आघाडी सरकारने 55 आणि 45 असं नवं वाटप ठरवलं. सरकार बदललं की दरवाजा फिरतो. हा पक्षीय तंटा आहे असं कुणी म्हणेल. तर मग 2021 चं काय करायचं? उजनी धरणातून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याच्या सर्वेक्षणाचा आदेश एप्रिलमध्ये निघाला आणि सोलापुरात उठलेल्या आंदोलनामुळे मे महिन्यात रद्द झाला. इंदापूरचे आमदार भरणे राष्ट्रवादीचे आणि तेच सोलापूरचे पालकमंत्री. जलसंपदामंत्री जयंत पाटील राष्ट्रवादीचे. सरकार एक, पक्ष एक, तरीही निर्णय महिन्याभरात उलटला. तंटा इथे पक्षांमध्ये नव्हताच. वरच्या शेतकऱ्याचं आणि खालच्या शेतकऱ्याचं हित एकमेकांआड आलेलं होतं, आणि दोघांना एका टेबलाशी बसवून मोजमाप करणारी जागा वापरलीच गेली नाही. एक आदेश रात्रीत निघाला, दुसऱ्याने तो खोडला.

ही खंडनाची बाजू झाली. आता मंडन. माझा सिद्धान्त असा : हितसंबंध एकमेकांआड येतात तिथे तंटा अटळ असतो. तो सभागृहात झाला तर त्यातून निर्णय निघतो. सभागृह काढून घेतलं तर तोच तंटा आदेश, स्थगिती आणि मोर्चा या वाटांनी बाहेर पडतो आणि काम थांबतं.

याला पुरावे इथल्याच मातीत आहेत. खडकवासल्याच्या पाण्यावरून पुणे शहर एका बाजूला आणि हवेली, दौंड, इंदापूर दुसऱ्या बाजूला, हा वाद उन्हाळ्यागणिक होतो. तो कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. आमदार एकमेकांवर आवाज चढवतात, अधिकाऱ्यांच्या आकड्यांवर शंका घेतात, आणि उठताना आवर्तनाची तारीख ठरलेली असते. ती पुरेशी नसेल, शेपटाला पाणी उशिरा पोचेल, पण तारीख असते. दुसरं उदाहरण माळेगावचं. बारामती तालुक्यातल्या या सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा म्हणजे खडाजंगी. 2015 मध्ये तावरे गटाने पवारांच्या पॅनेलला त्यांच्याच अंगणात हरवलं. नंतर सत्ता परत आली आणि 2025 च्या जूनमध्ये खुद्द उपमुख्यमंत्री उमेदवार म्हणून रिंगणात उतरले. इतकं भांडण असलेला कारखाना पूर्वपक्षाच्या हिशेबाने केव्हाच बंद पडायला हवा होता. त्याचं नाव उसाला राज्यात वरचा दर देणाऱ्यांत घेतलं जातं. संचालक मंडळाला माहीत असतं की विरोधक ताळेबंदाचं पानन् पान चाळून सभेला येणार आहे.

याचा अर्थ प्रत्येक आरडाओरडा पवित्र आहे असा नाही. गोंधळात पाच मिनिटांत मागण्या मंजूर करणं किंवा माईक तोडणं हा तंटा नव्हे, ती तंट्याची चुकवाचुकव आहे. तंट्यात समोरच्याचं म्हणणं ऐकून त्याला उत्तर द्यावं लागतं. ते नको असतं तेव्हा गोंधळ घातला जातो. आपण एकाच शिवीने दोघांनाही झोडपतो आणि त्यात फायदा होतो तो दोन्ही नको असणाऱ्याचा.

म्हणून उपाय भांडण मिटवण्याचे नकोत, त्याची जागा शाबूत ठेवण्याचे हवेत. गट आणि प्रभाग पाडण्याचा अधिकार निवडणूक आयोगाकडे परत जावा आणि मुदत संपण्याच्या सहा महिने आधी रचना गोठावी, मग सरकार कुणाचंही असो. मंजूर कामाला स्थगिती द्यायची असेल तर कारण लिहून ते पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवण्याची सक्ती असावी. कालवा सल्लागार समितीची इतिवृत्तं आणि धरणांचे आकडे बैठकीच्या आठवड्याभरात प्रसिद्ध व्हावेत. आणि निवडून आलेली संस्था नसेल त्या काळात जिल्हा नियोजन समितीला नव्या कामांचं वाटप करता येऊ नये, फक्त चालू कामांचा खर्च करावा. ही शेवटची सूचना आमदारांना झोंबेल. झोंबली पाहिजे, कारण निवडणूक वेळेवर होण्यात त्यांचा स्वार्थ गुंतल्याशिवाय ती वेळेवर होणार नाही.

आता या संस्थांत पुन्हा माणसं निवडून आली आहेत. त्यांचं काम जोखताना बारामती-इंदापूरच्या मतदाराने एकोप्याचं कौतुक जरा बेताने करावं. सगळे ठराव एकमताने झाले, विषयपत्रिका अर्ध्या तासात संपली, विरोधकांनीही सहकार्य केलं, अशी बातमी आली की इतिवृत्त मागवून घ्यावं. विकास जोरात चालला असेल तर त्यात प्रश्न आणि उत्तरं सापडतील. नुसते ठरावांचे क्रमांकच सापडले, तर मार्च 2022 मध्ये घातलेलं कुलूप अजून तिथेच आहे असं समजावं.